गुरुवारची पेशंट

लिमरिक,
रविवार, चार जुलै

प्रिय सुमी,

परवा गुरुवारी सगळ्यात आधी आली ती ईफा. तीसुद्धा अर्धा तास आधी, सायकलवरून, पावसात चिंब होऊन. मग डोनल आला, त्याच्या आईने गाडीतून सोडला, भांग पाडून अगदी लग्नाला निघाल्यासारखा. आणि आपला संकेत सगळ्यांच्या शेवटी, पण हातात केकचा डबा, कारण त्याच्या आईने बजावून ठेवलंय की आजींकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. आई मूळची नागपूरची, हा जन्मला इथेच. मराठी सगळं समजतं, पण तोंड उघडलं की इंग्रजी पडतं, तेही इथल्या लोकांसारखं हेल काढून. मी विचारते जेवलास का रे, तर म्हणतो ग्रँड. इथे सगळे ग्रँडच असतात बघ. शेजारचा म्हातारा शिडीवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये, तरी कसा आहेस विचारलं की ग्रँड. म्हणजे आपलं 'बरं आहे'.

तू म्हणशील, आक्काने हे काय सुरू केलं, ही पोरं कोण. सांगते. आणि तू सोमवारी फोनवर मला जी शपथ घातलीस, तिच्यावरही येते. ती डोक्यातून गेलेली नाही. पण माझं बोलणं कसं गावभर फिरून घरी येतं ते तुला ठाऊक आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मी बरी आहे, तू कशी, ठेवते आता, की ठेवलास फोन. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही. अक्षराला हसू नकोस, बोटं आखडतात, दोन दिवस झाले लिहितेय.

तर ही तिघं डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं. आपली मेधा इस्पितळात जिथे अँब्युलन्स येऊन थांबते त्या विभागात डॉक्टर आहे, हे तुला माहीत आहेच. तिथलं काम शिकणाऱ्या मुलांना तीच शिकवते. कुणी धापा टाकत आला, कुणी रक्त ओकत आला, तर पहिल्या दहा मिनिटांत काय बघायचं, काय विचारायचं, आधी काय करायचं. त्या परीक्षेत ही तिघं नापास. परत परीक्षा ऑगस्टमध्ये. डोनल आणि संकेतला नाही जमलं तर वर्ष जाईल, पण ईफाची ही दुसरी खेप, आता गेली तर तिला डॉक्टरकीच सोडावी लागेल म्हणे. मलिंगारच्या बाजूला तिच्या वडिलांच्या गाई आहेत. मलिंगार म्हणजे मेधा इथे आली तेव्हा पहिल्यांदा जिथे नोकरीला होती ते गाव. पोरगी हुशार आहे, सगळी पुस्तकं पाठ, पण पेशंटसमोर उभी राहिली की जीभ टाळ्याला चिकटते. मेधा म्हणते यांचा तरी काय दोष, गेलं अख्खं वर्ष कोरोनामुळे यांना वॉर्डात पाऊलच ठेवू दिलं नाही. पडद्यावर शिकली आणि रबरी बाहुल्यांवर शिकली. बाहुली खोटं बोलत नाही, आई, तीच तर अडचण आहे, असं म्हणाली.

पूर्वी इथे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना खोटं खोटं आजारी पडायला बोलवायचे, मुलांना सराव व्हावा म्हणून. कोरोनात तेही बंद पडलं. मग मे महिन्यात एक दिवस मेधा मला म्हणाली, आई, तू होशील का पेशंट, यांची परीक्षा मी घेणार नाहीये, दुसरेच घेणार आहेत, पण सराव तरी करून घेते. मी म्हटलं, अगं चौथी शिकलेली बाई मी, डॉक्टरांना काय शिकवणार. तर म्हणाली, तुला शिकवायचं नाहीये, तुला फक्त आजारी पडायचंय.

सुमी, खरं सांगू, मला एवढा आनंद झाला! तीन महिन्यांसाठी म्हणून आले होते, गेल्या वर्षी फेब्रुवारीत. विमानं बंद झाली, मग सुरू झाली, मग पुन्हा बंद, आणि बघता बघता सतरा महिने झाले. नात मुक्ता शाळेत, शाळा नसली तर लॅपटॉपसमोर. मकरंदराव वरच्या खोलीत, शॅनन गावातल्या कंपनीचं काम, दिवसभर कानाला ते लावून. मी आपली खालून वर, वरून खाली. पोळ्या करायच्या, खिडकीतून कावळ्यांसारखे छोटे पक्षी बघायचे, आणि संध्याकाळी दहापर्यंत मावळत नाही त्या उजेडाकडे बघत बसायचं. थकायला काही काम लागत नाही गं, नुसतं बसूनही माणूस दमतं. आणि मेधाकडे तर बघवत नव्हतं. गेल्या वर्षी ती घरी आली की आधी गॅरेजमध्ये कपडे बदलायची, अंघोळ करून वर जायची, ताट मी जिन्यावर ठेवायचे. आई आणि लेक, मध्ये तेरा पायऱ्या. नाकावर मास्कचा वळ पडायचा तो सुट्टीच्या दिवशीसुद्धा जायचा नाही. अजूनही ती जेवताना बसल्या बसल्या पेंगते.

तर त्याच गॅरेजमध्ये आता दर गुरुवारी पाच वाजता आमची शाळा भरते. शटर पूर्ण वर, वारा यायला. सगळ्यांना मास्क. बागेतली लांब खुर्ची हे माझं स्ट्रेचर. इडलीचा टायमर दहा मिनिटांवर लावायचा. छातीला चिकटवायच्या त्या तारांच्या चकत्या नाहीत, म्हणून मुक्ताने तिची स्टिकरं दिली, शिंगवाले घोडे आणि इंद्रधनुष्य, ती मुलं माझ्या स्वेटरवर बरोबर जागा मोजून लावतात. समोरच्या घरांवर हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, सामन्यांसाठी हिरवे झेंडे लागलेत, जाणारे-येणारे थांबून बघतात, ही म्हातारी अंगभर घोडे लावून का झोपली आहे. मेधाने मला मोठ्या अक्षरात कागद लिहून दिला होता. तुझ्या छातीत सकाळपासून दाबल्यासारखं होतंय. घाम येतोय. डावा हात जड झालाय. मी शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं.

पहिल्या गुरुवारी डोनल आत आला, नाव सांगितलं, आणि विचारलं कशा आहात. मी आपली म्हणाले, ग्रँड, ग्रँड, टी? अगं सगळी हसायला लागली. मेधा चिडली, आई, तुला हार्ट अटॅक आलाय, तू त्याला चहा काय विचारतेस. पण दारात आलेल्या माणसाला मी आजारी आहे असं एकदम कसं सांगायचं गं? आपल्या आईने कधी सांगितलं? आणि पहिले दोन गुरुवार माझं मराठी इंग्रजीत सांगायला मकरंदराव बसवले होते. आता जावयासमोर पोट साफ होतं का याचं उत्तर मी द्यायचं? मी छताकडे बघत बसले. ते बिचारे भिंतीकडे बघत बसले. मुलांनी वहीत लिहिलं, पेशंट गोंधळलेली आहे. त्यानंतर मेधाच मध्ये बसायला लागली. संकेतला वेगळी ताकीद, कारण मी त्याला हळूच मराठीत सांगायचे, छातीचं विचार, छातीचं विचार. आपला पोरगा ना शेवटी. मेधाने पकडलं मला.

पण दोन-तीन वेळा असं झाल्यावर मेधाच एकदा म्हणाली, आई, तू जशी आहेस तशीच राहा. खरे पेशंट असेच असतात. इथले शेतकरीसुद्धा ट्रॅक्टर घेऊन येतात इस्पितळात, ओठ निळे, आणि म्हणतात जरा दम लागला, बाकी ग्रँड. मग तिने मुलांना सांगितलं, या बाई तुमच्याशी खोटं बोलणार आहेत, यांच्याकडून खरं काढून दाखवा. झालं! मी एकदम मास्तरीण झाले. दारातूनच माणूस कसा बघायचा हे ती शिकवायची आणि मीही पडल्या पडल्या शिकायचे. एक वाक्य एका दमात पुरं होतं का. खांदे वर उचलून श्वास घेतोय का. चप्पल कुणाची घातली आहे. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि खरं तर छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजायचं, कारण माणसाला कळलं की मोजताहेत, तर तो श्वासही नीट घेऊन दाखवतो.

एक गोष्ट मात्र मला जमत नव्हती. कागदावरची तिसरी ओळ. छातीचं सांगायचे, घामाचं सांगायचे, कुणी चिकाटीने विचारलं तर. पण डावा हात जड झालाय, हे काही तोंडातून निघायचं नाही. मेधाला वाटायचं आई विसरते. दर वेळी टायमर वाजला की म्हणायची, आई, हात राहिला. मी म्हणायचे, राहिला का, बघ बाई, डोकंच चालत नाही.

आता परवाच्या गुरुवारचं. डोनलचं झालं, संकेतचं झालं. ईफाची पाळी आली. ओल्या केसांनीच आली. मी मनात म्हटलं, पोरी, आज नीट कर, तुझ्या बापाच्या गाई काही पळून जात नाहीत, पण तुला त्यांच्यामागे परत जायला लागू नये. ती शेजारी स्टूल ओढून बसली. कुणी बसत नाही सुमी, सगळे उभ्याने विचारतात. छातीचं विचारलं, घामाचं विचारलं, मी नाही-नाही म्हणत होते. मग ती थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं विसरली. मग माझ्या हाताकडे बघून काहीतरी बोलली. मेधाने मराठीत सांगितलं, आई, ती विचारतेय, तुम्ही मघापासून उजव्या हाताने डावा दंड चोळताय, मागच्या गुरुवारीही चोळत होतात. आणि ती विचारतेय, तुमच्या घरातल्या माणसाला मी बाजूला घेऊन विचारलं, तर ते मला काय सांगतील?

सुमी, मला कळलंच नाही माझं काय झालं. मी बोलायला लागले. कागदावर नसलेलंच. मी म्हटलं, घरातल्या माणसाने सांगितलं नाही. त्यांनी सकाळी मला सांगितलं होतं, हात जड वाटतोय, पोतं उचलल्यासारखा. मी ओवा दिला. दंडाला तेल चोळून दिलं. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणाले, आज डेपोत गाड्या तपासायला साहेब येणार आहेत, उद्या जाऊ. आणि म्हणाले, मेधाला सांगू नकोस, माझी शपथ आहे तुला, तिची परीक्षा आहे, तिकडे एकटी आहे पोर. मेधा माझं एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती ईफाला. पहिली दोन-तीन वाक्यं तिला वाटलं आई आज मनाने काहीतरी रचतेय. डेपो म्हटल्यावर तिचा आवाज हळू झाला. मग मी म्हटलं, बारा वाजता तिचा फोन आला, बाबा कसे आहेत म्हणून विचारलं, आणि मी म्हणाले, मजेत आहेत. तेव्हा मेधाने इंग्रजीत सांगायचं थांबवलं.

हो गं. तुलाही मी तेव्हा सांगितलं होतं की हे अचानक गेले, काही म्हणजे काही लक्षण नव्हतं. सगळ्या गावाला तेच सांगितलं. नऊ वर्षं तेच सांगतेय. मेधा तेव्हा मलिंगारला होती, मकरंदराव पुण्यात, परीक्षा आठवड्यावर आलेली. तिला सांगितलं असतं तर तिने फोनवरूनच आम्हाला रिक्षात घालून दवाखान्यात धाडलं असतं, तेवढं तिला तेव्हाही येत होतं. त्या फोनपासून हे जाईपर्यंत चार तास होते आपल्या हातात. मी शपथ पाळली आणि ते चार तास घालवले.

टायमर वाजत राहिला, कुणी बंद करेना. शेवटी डोनलने केला. ईफाला पुढचं मराठी काहीच कळलं नव्हतं, पण नाडी बघायला धरलेलं माझं मनगट तिने सोडलं नव्हतं. संकेतला सगळं कळलं होतं, तो शटरबाहेर जाऊन पावसात उभा राहिला. मेधा उठली, मास्क सारखा केला, आणि ईफाला इंग्रजीत एवढंच म्हणाली (संकेतने मला नंतर मराठीत सांगितलं, पहिल्यांदा मराठीत बोलला पोरगा), की हा प्रश्न परीक्षेतही विचार, घाबरू नकोस, थांबायला लागलं तर थांब.

दोन दिवस मेधा माझ्याशी कामापुरतं बोलली. दूध संपलंय, मुक्ताला आणते, असं. मला वाटलं, आता ही लेक गेली माझी. काल दुपारी मी भाजी निवडत होते, ती कपाटातून कप काढत होती, पाठ माझ्याकडे, आणि म्हणाली, आई, त्या दिवशी बाबा जेवले का? मी म्हटलं, जेवले, डेपोत जायच्या आधी. ताकभात, आणि लिंबाचं लोणचं मागून घेतलं दुसऱ्यांदा. तिने कप परत कपाटात ठेवला. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि मेथीची एक जुडी स्वतःकडे ओढली. लहानपणी निवडायची तशीच निवडत होती, देठं जास्त ठेवून. मी तशीच भाजी केली.

आता तुझ्यावर येते. सोमवारी तू म्हणालीस, झोपताना तीन उशा लागतात, आडवं झालं की गुदमरतं, पण सुनेला, वृंदाला बोलू नकोस, तुला माझी शपथ आहे, उगाच दवाखान्यात नेतील आणि कोरोना चिकटवून पाठवतील. तू हे सांगत होतीस आणि मी फोनच्या पडद्यात तुझा पदर बघत होते, समोर भिंतीवर घड्याळ होतं. एका मिनिटात अठ्ठावीस वेळा वर-खाली झाला सुमी. सोळा-अठराच्या वर गेला की बघा, असं मेधा मुलांना सांगते. चहा ठेवते, एवढं म्हणायला तू मध्ये दोनदा थांबलीस. आणि उठलीस तेव्हा तुझ्या पायात लेकाच्या, शिरीषच्या चपला होत्या. तुझ्या तुला होत नाहीत ना आता? सोमवार ते रविवार मी तुझीही शपथ पाळली. ईफाने विचारल्यानंतरसुद्धा तीन दिवस पाळली, इतकी ही सवय मुरलेली आहे. आज सकाळी मी मेधाला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, पेन घेऊन बसली, आणि मला तेच प्रश्न विचारले जे त्या पोरांना शिकवते. मग तिथूनच वृंदाला फोन लावला. वृंदा रडायला लागली, म्हणाली आई तर मला सांगतात मान दुखते म्हणून उशा घेते. उद्या सकाळी ती आणि शिरीष तुला साताऱ्याला नेणार आहेत. मेधा तिथल्या डॉक्टरांशी बोलली आहे. या पत्राचे फोटो मकरंदराव वृंदाच्या मोबाईलवर पाठवतील आणि गाडीत ती तुला वाचून दाखवेल, म्हणजे तोवर तू माझ्यावर चिडून झालेली असशील. चीड. शपथ मोडली मी, मुद्दाम मोडली, आणि तू आयुष्यभर बोलली नाहीस माझ्याशी तरी चालेल, पण आयुष्य हवं. तिथला डॉक्टर विचारेल कशा आहात, तेव्हा बरी आहे म्हणू नकोस. उशांचं सांग, चपलांचं सांग, तो घाईत असला तरी सांग. ईफाला मी संकेतकरवी फोनवर कळवलंय की माझी धाकटी बहीण उद्या दवाखान्यात जाणार आहे. ती म्हणाली, काय निघालं ते मला समोर बसून ऐकायचंय. तिघंही येतो म्हणालीत, गुरुवारी, आठ तारखेला, पाच वाजता.

तुझीच, शपथ मोडलेली,
आक्का